कोऱ्या जागेचं वजन

गिरगावातल्या आमच्या खोलीच्या भिंतीवर बाबांच्या डोक्याचा डाग होता. आरशाच्या खाली, जमिनीपासून अडीच फुटांवर, तळहाताएवढा. कडेला फिकट पिवळा, मधे काळपट. प्रेसमधून आले की बाबा हातपाय धुऊन त्या जागी भिंतीला टेकून बसत, डोकं मागे टाकत आणि डोळे मिटत. चहा येईपर्यंत पाच-सात मिनिटं. केसांना खोबरेल तेल असे. रोजच्या त्या पाच-सात मिनिटांनी तीस-पस्तीस वर्षांत तो डाग घडवला होता.

दिवाळीआधी कधी रंग काढायचा ठरला की आई ती जागा सोड्याच्या पाण्यानं घासघासून घेई. पाडव्यापर्यंत भिंत कोरी दिसे. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास तिथे एक सावली उमटे आणि होळीपर्यंत डाग पुन्हा आपल्या जागी बसलेला असे. बाबा गेल्यानंतर आम्ही एकदाच रंग काढला. तेव्हाही डाग वर आला. त्यानंतर आईनं त्या भिंतीला कुणाला हात लावू दिला नाही.

खोली दहा बाय बारा. मोरी त्यातच, ओटा त्यातच, देव त्यातच. माणसं सात. कॉटवर आजी. कॉटखाली माझे दोघे भाऊ. त्यांचे पाय कॉटच्या बाहेर येत. मोरीच्या कठड्यालगत मी, माझ्या शेजारी आई, दाराशी बाबा आणि बाहेर गॅलरीत काका. संडास गॅलरीच्या टोकाला. रात्री कधी उठावं लागलं तर दिवा लावायचा नाही हा घराचा नियम होता, आणि दिव्याची गरजही नसे. पहिलं पाऊल आईच्या पायथ्याशी. दुसरं धाकट्या भावाच्या कोपराच्या अलीकडे, कारण तो हात पसरून झोपे. तिसरं बाबांच्या उशीपलीकडे, थेट उंबऱ्यावर. उंबरा सागवानी होता आणि मधोमध झिजून त्याला खोलगट पन्हळ पडली होती. पायाला ती पन्हळ लागली की समजायचं, आपण कुणालाही न तुडवता बाहेर आलो.

तीन पावलं. आज मी पन्नाशी ओलांडली आहे, तरी डोळे मिटून ती टाकू शकते. शाळेत शिकलेल्या किती गोष्टी विसरले, पण माणसांच्या मधून गेलेली ती अंधारी वाट पायांत तशीच राहिली आहे.

बाबा कंपोझिटर होते. गिरगाव-काळबादेवीचा आमचा सगळा भाग छापखान्यांचा. जावजी दादाजींचा निर्णयसागर १८६९ साली इथेच सुरू झाला आणि त्याच्या देवनागरी टाइपाचं नाव देशभर झालं. बाबा त्याहून कितीतरी लहान, गल्लीतल्या प्रेसमध्ये होते. सुट्टीत कधी डबा द्यायला गेले तर मी त्यांच्या घोड्याशेजारी स्टुलावर बसे. टाइपांची पेटी म्हणजे केस, ती ठेवायचा सांगाडा म्हणजे घोडा. त्या उतरत्या केसमध्ये शेकडो खण. काने, मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं. शिशाच्या या टाइपांना छापखान्यात खिळे म्हणत. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, अंगठा शेवटच्या खिळ्यावर दाबलेला, आणि उजवा हात न बघता खणांतून फिरतोय. अक्षरं उलटी, आरशातल्यासारखी. बाबा ती आपण सुलटी वाचतो तशी वाचत.

एकदा मी विचारलं, दोन शब्दांच्या मधे काय घालता? मला वाटलं होतं तिथे काहीच नसेल. कागदावर तर तिथे काहीच दिसत नाही. बाबांनी एका खणातून शिशाचा चपटा, बिनअक्षरी तुकडा उचलून माझ्या हातावर ठेवला. त्याला स्पेस म्हणतात. त्याहून रुंद असतो तो क्वाड. परिच्छेदाच्या सुरुवातीला, कवितेच्या ओळीनंतर कागद कोरा राहतो तिथे क्वाड भरलेले असतात. तुकडा गार होता आणि आकाराच्या मानानं जड होता. बाबा म्हणाले, "कोरी जागासुद्धा हातानं बसवावी लागते. नाहीतर ओळ उभी राहत नाही, अक्षरं ढासळतात."

स्पेस उंचीनं खिळ्यापेक्षा कमी असते, म्हणून तिला शाई लागत नाही. ती खाली राहून दोन्हीकडच्या शब्दांना धरून ठेवते. पण ओळ सैल बसली असेल तर मशीनच्या हादऱ्यांनी एखादी स्पेस हळूहळू वर सरकते, तिला शाई लागते, आणि छापील पानावर दोन शब्दांच्या मधे एक काळी उभी चीप उमटते. त्याला छापखान्यात म्हणत, "स्पेस वर आली." मग मशीन थांबवून ती खाली ठोकायची. जुन्या पुस्तकात तशी काळी चीप दिसली की मी आजही त्या जागी थांबते.

खूप पुढे, नव्वदच्या दशकाच्या मध्याला, एका मासिकात मी एका घराचा फोटो पाहिला. पूर्व लंडनमध्ये ग्रोव्ह रोड नावाच्या रस्त्यावर जुन्या घरांची एक ओळ होती. ती पाडून तिथे बाग करायची होती. सगळी घरं पडली, १९३ क्रमांकाचं तेवढं शेवटी उरलं. रेचल व्हाइटरीड या शिल्पकर्तीनं ते घर पाडण्याआधी मागून घेतलं आणि आतून काँक्रीटनं भरलं. अगदी गच्च नाही. आत सळ्यांची जाळी उभारून, भिंतींच्या आतल्या अंगावर काँक्रीटचा जाड थर फवारला. तो वाळला तेव्हा बाहेरच्या विटा, खिडक्या, दारं एकेक करून काढून टाकली. घर गेलं. घरातली मोकळी जागा तेवढी तिथे उभी राहिली.

२५ ऑक्टोबर १९९३ ला ते काम पुरं झालं. नाव साधंच, 'हाउस'. फोटोत राखाडी रंगाचा तीन मजली ठोकळा आहे आणि आजूबाजूला नुसतं गवत. शेकोटीचे कोनाडे आत खोल असतात, ते इथे बाहेर फुगून आलेले. खिडकीची कट्टी जिथे पुढे येते तिथे खाच. दाराच्या फळ्यांचे ठसे उलटे. ज्या हवेतून माणसं उठली, बसली, भांडली, जेवली, ती हवाच दगड होऊन बसली होती. घरात राहताना आपण भिंतींना घर म्हणतो. व्हाइटरीडनं भिंती काढून टाकल्या आणि आपण खरोखर कशात राहतो ते दाखवलं.

त्याआधी १९९० मध्ये तिनं एका जुन्या घरातल्या बैठकीच्या खोलीचा असाच प्लास्टरमध्ये ठसा घेतला होता, त्याला 'घोस्ट' म्हटलं होतं. पण 'हाउस' रस्त्यावर होतं, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर. लोक बघायला गर्दी करत होते, भांडत होते, त्यावर लिहून जात होते. २३ नोव्हेंबरला तिला टर्नर पारितोषिक मिळालं. ते मिळवणारी ती पहिली स्त्री. त्याच दिवशी तिथल्या कौन्सिलनं ते काम पाडायचं ठरवलं. ११ जानेवारी १९९४ ला ते पाडलं गेलं. तयार झाल्यापासून अडीच-पावणेतीन महिने ते उभं राहिलं.

मी तो फोटो बाबांना दाखवला. तोपर्यंत त्यांच्या प्रेसमध्ये ऑफसेट आलं होतं आणि खिळे शिशाच्या भावानं विकले गेले होते. बाबा रिकामे झाले होते. भिंतीला टेकून त्यांनी चष्मा लावला, फोटो जवळ धरला, लांब धरला. तिनं काय केलंय ते मी समजावून सांगायला लागले तर त्यांनी हातानं थांबवलं. म्हणाले, "स्पेस वर आलीय."

पुढे मी व्हाइटरीडवर लिहिलेलं बरंच वाचलं. त्या कामाबद्दल याहून नेमकं काही मला आजवर मिळालेलं नाही.

बाबांच्या बोलण्यात 'जागा' हा शब्द दोनच कारणांनी येई. एक, कुणाला जागा मिळाली, कुणाची जागा गेली, डोंबिवलीला जागेचा भाव काय झाला, हे चाळीतलं अखंड बोलणं. दुसरी जागा गाण्यातली. रात्री रेडिओवर नाट्यसंगीत लागे. गाणारा एखाद्या शब्दाशी येऊन, वाटलं नव्हतं अशा वळणानं सुरांतून जाऊन परत समेवर आला, की बाबा डोळे न उघडता म्हणत, "काय जागा घेतली!" लहानपणी मला ते कोडंच वाटे. गाणाऱ्यानं कुठली जागा घेतली, किती फुटांची? आता वाटतं की आपल्या भाषेनं हा शब्द दोन्हीकडे ठेवला यात मोठी समज आहे. दोन सुरांच्या मधलं जे अंतर दुसऱ्या कुणाला दिसलं नव्हतं, त्यात गाणारा जाऊन राहतो. सात माणसांच्या मधून तीन पावलांची वाट काढणं हीही तशीच जागा घेणं होतं, आणि माझ्या आईसारखी जागा घेणारी मी पाहिली नाही. त्या दहा बाय बारात तिनं बाळंतपणं केली, पाहुण्यांच्या पंगती उठवल्या, आजीचं शेवटचं आजारपण काढलं. एकच कोपरा सकाळी देवघर, दुपारी पापड लाटायची जागा, संध्याकाळी आमचा अभ्यास, रात्री माझं अंथरूण.

तरुणपणी बाबा काळाघोड्याजवळच्या जहांगीर हॉलमध्ये गाणं ऐकायला जात. १९११ चा तो सर कावसजी जहांगीर हॉल. तिथे मैफिली होत, कामगारांच्या सभा होत, बॉक्सिंगचे सामनेसुद्धा होत. १९९६ पासून तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. हॉलच्या गोल पोकळीत आता अर्धवर्तुळाकार मजले आणि जिने बसवले आहेत. २०१९ च्या अखेरीस सुधीर पटवर्धनांच्या चित्रांचं मोठं, अनेक दशकांचं काम एकत्र मांडणारं प्रदर्शन तिथे भरलं, तेव्हा बाबा नव्हते. मी एकटीच गेले, आणि नंतर आणखी दोनदा गेले.

पटवर्धनांबद्दल मला आधीपासून ओढ आहे. १९४९ चा जन्म, पुण्यात वैद्यकीचं शिक्षण, आणि मग ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून तीस वर्षं काम. २००५ मध्ये त्यांनी ती प्रॅक्टिस थांबवली. दिवसा क्ष-किरणांचे फोटो आणि उरलेल्या वेळात चित्रं, असं हे आयुष्य. क्ष-किरणांच्या फोटोत हाड पांढरं उमटतं आणि फुप्फुसातली हवा काळी. तिथे रिकामी जागा काळ्या रंगानं स्वतःला दाखवते, आणि डॉक्टरला तीही हाडाइतकीच बारकाईनं वाचावी लागते. त्यांच्या चित्रांमधली माणसांच्या अवतीभोवतीची हवा मला इतकी वजनदार का वाटते, याचं कारण मी माझ्यापुरतं तिथे शोधलं आहे.

'इराणी रेस्टॉरंट' हे १९७७ चं चित्र, 'ट्रेन' १९८० चं, 'ओव्हरब्रिज' १९८१ चं. त्या काळातली त्यांची माणसं थोराड आहेत. कष्टानं घट्ट झालेली शरीरं चौकटीत मावेनाशी झालेली. बाकडं, टेबल, डब्याची खिडकी ही त्या शरीरांनी अडवलेली. शहर अजून मागे आहे, माणूस पुढे आहे. वरच्या मजल्यांवर, नंतरच्या वर्षांच्या चित्रांकडे जावं तसतसं शहर पुढे सरकत येतं. उल्हासनगर येतं, लोअर परळ येतं, ठाण्याचा पोखरणचा भाग येतो. पूल, नाले, अर्धवट बांधकामं, डोंगराच्या कुशीत चढलेली वस्ती. माणसं लहान होत जातात, पण हरवत नाहीत. जिन्यात, गच्चीच्या कडेला, पुलाच्या सावलीत, दोन भिंतींच्या फटीत त्यांना आपापली जागा मिळालेली असते.

यातल्या कित्येक चित्रांसमोर उभं राहिल्यावर थोडं गरगरतं. रस्ता वरून दिसतो, त्याच रस्त्याच्या कडेचं घर समोरून दिसतं, आणि घराच्या आत आपण जणू दारातून डोकावतो. असं एका जागी उभं राहून कुणालाच दिसणार नाही. पण तिथे राहणाऱ्याच्या मनात त्याचा परिसर असाच असतो: काही गच्चीवरून पाहिलेला, काही चालून अंगवळणी पडलेला, काही लोकलच्या दारातून रोज अर्धा सेकंद दिसणारा. फोटो एका ठिकाणाहून काढला जातो. राहणं शेकडो ठिकाणांहून होतं, वर्षानुवर्षं होतं, आणि पटवर्धनांनी ते राहणं रंगवलं आहे. अशा चित्रकाराला आपण चळवळींच्या, कामगारांच्या, वास्तववादाच्या खणात टाकून मोकळे होतो याचं मला वाईट वाटतं. माझ्या लेखी त्यांनी मुंबई-ठाण्याच्या माणसाचं अंतर्गृह रंगवलं. ते रस्त्यावर आहे एवढंच.

तिथल्या जिन्यावर मी बराच वेळ बसले होते. खाली चित्रं, वर घुमट. याच पोकळीत बाबांनी कुणाची तरी घेतलेली जागा ऐकली असेल.

आपल्याकडे चित्रं नेहमीच अशी घरापासून वेगळी, हॉलमध्ये जाऊन बघायची गोष्ट नव्हती. डहाणू-तलासरीकडच्या वारली घरात लग्न असलं की आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. कारवीच्या कुडाची, शेणामातीनं सारवलेली भिंत, खिडक्या नसल्यात जमा, आत अंधार. त्या अंधारात पांढऱ्या रेघा उजेडासारख्या दिसतात. चौक सुवासिनी लिहितात, मधे पालघट देवी बसते, लग्न लावणारी धवलेरी गाते, आणि चौकाशिवाय लग्न लागत नाही. त्या घरात भिंत घरातल्या माणसांइतकीच लग्नाला हजर असते. सत्तरच्या दशकात जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कागदावर आणि कापडावर नेली, जगभर नेली. त्यांच्या मोठेपणाबद्दल मला शंका नाही. तरी शहरातल्या एखाद्या लॉबीत काचेमागे वारली चित्र दिसलं की मी त्याच्या मागची भिंत शोधते, धुराचा वास शोधते.

आणि झरीना. अलीगढमध्ये १९३७ साली जन्मलेली, गणित शिकलेली, छापचित्रं करणारी झरीना हाश्मी. फाळणीनंतर काही वर्षांनी तिचे आईवडील पाकिस्तानात गेले. ती देशोदेशी राहिली आणि न्यूयॉर्कमध्ये स्थिरावली. १९९९ मध्ये तिनं 'होम इज अ फॉरेन प्लेस' हा ३६ काष्ठठशांचा संच केला. प्रत्येक ठशाखाली उर्दूत एकच शब्द. उंबरा, दार, अंगण, भिंत. वर काळ्या रेघांची अगदी थोडकी रचना. उंबऱ्यासाठी किती रेघा लागतात? तिला फार थोड्या लागल्या. ते चित्र पाहताना माझ्या तळपायाला मात्र झिजलेली पन्हळ जाणवली. अलीगढच्या वडिलांच्या घराचा नकाशाही तिनं असाच छापून ठेवला आहे. परत जाता येत नाही अशा घराचा नकाशा काढायला हात किती स्थिर ठेवावा लागत असेल!

आमच्या चाळीची पाळी मग आली. इमारत धोकादायक ठरली, नोटीस लागली, सभा झाल्या, सह्या झाल्या. मुंबईत हे आता घरोघर आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी इथल्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या, सगळ्या मिळून २०७ इमारती. त्यांतल्या बहुतेक इमारतींमधल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतल्या माणसांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरं ठरली. आमच्या १२० च्या जागी ४०० च्या वर मिळणार आहेत. मी याच्या विरोधात नाही. गॅलरीच्या टोकाच्या संडासाची रांग ज्यांनी धरली आहे, म्हातारपणी आजारी माणसाला तिथवर धरून नेलं आहे, त्यांना चाळीचे गोडवे ऐकवू नयेत. आईला स्वतःचं न्हाणीघर साठ वर्षांपूर्वीच मिळायला हवं होतं.

मला लागलं ते मोजणीच्या वेळी. टेप घेऊन दोन तरुण आले. भिंत ते भिंत मोजलं, माळा मोजला नाही, गॅलरी मोजली नाही, आकडा लिहिला आणि पुढच्या खोलीत गेले. काम चोख केलं त्यांनी. पण त्या आकड्यात आजीच्या खोकल्याची जागा नव्हती, काकांच्या गॅलरीतल्या बिछान्याची नव्हती, आईच्या पायथ्याशी माझ्या पावलाला लागणारी वीतभर जागा नव्हती. करारात कार्पेट एरिया असतो. ज्या कोऱ्या जागांनी आमच्या सात जणांची ओळ घट्ट धरून ठेवली होती, त्यांची नोंद कुठल्याही कागदावर होणार नव्हती.

त्या दिवसांत मला डो हो सुह आठवत राहिला. हा कोरियन कलावंत न्यूयॉर्कमध्ये एका भाड्याच्या घरात जवळपास दोन दशकं राहिला. आपण राहिलेल्या घरांच्या पातळ कापडात शिवलेल्या, आरपार दिसणाऱ्या प्रतिकृती तो करतो; घडी घालून पेटीत भरून नेता येईल असं घर. न्यूयॉर्कचं ते घर सोडायची वेळ आली तेव्हा त्यानं आतल्या सगळ्या भिंती, दारं, कपाटं, बटणं, नळ पांढऱ्या कागदानं मढवली आणि वरून रंगीत पेन्सिल घासली. इंचन्‌इंच. आपण लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो ना, तसं. या कामाचं नाव आहे 'रबिंग/लव्हिंग'. कोरियन माणसाच्या तोंडी हे दोन इंग्रजी शब्द सारखेच उच्चारले जातात. एखादी वस्तू समजून घ्यायची तर तिच्यावरून हात फिरवत राहायचा, हे त्या नावातच आलं. तान्ह्याला तेल लावणाऱ्या कुठल्याही आजीला हे पटेल.

खोली रिकामी करायच्या आदल्या दिवशी मी ट्रंकेच्या तळाशी हात घातला. बाबांनी जपून ठेवलेले गॅली प्रूफचे कोरे ताव तिथे होते. लांबच लांब, अरुंद, कडेनं पिवळे पडलेले. भाऊ टेम्पोवाल्याशी बोलत होते, आई शेजारी बसली होती. खोलीत पहिल्यांदाच काही नव्हतं. कॉट नाही, ट्रंका नाहीत, पिंप नाही. कॅलेंडरांच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन. ती इतकी लहान दिसत होती की मला धस्स झालं. भरलेली असताना ती कधी लहान वाटली नव्हती.

आधी भिंतीवरच्या डागावर कागद लावला. पेन्सिल घासली. काहीच आलं नाही. भिंतीची खरबरीत पाठ तेवढी उमटली, डाग भिंतीच्या आतच राहिला. डोकं टेकलं होतं तिथे उंचसखल काही नव्हतंच. मी दोनदा करून पाहिलं. मग तिथे नुसता तळहात ठेवून बसले. गार होतं.

उंबऱ्यावर मात्र ताव बरोबर बसला, जणू त्याच मापाचा. मऊ शिशाची पेन्सिल आडवी धरून मी एका टोकापासून घासत गेले. सागाच्या रेषा उमटू लागल्या, लांब, थोड्या वाकड्या. मधोमध आले तशी पेन्सिल हलकी झाली. पन्हळीवर कागद अधांतरी होता. दाबला तर फाटला असता. म्हणून मी तसाच ताणून धरला आणि पुढे गेले. पलीकडच्या टोकाला पुन्हा रेषा लागल्या. कागद उचलला तेव्हा दोन्ही बाजूंना काळ्या-करड्या रेषांचं रान आणि मधे सुमारे फूटभर कोरं, डोळ्याच्या आकाराचं. आत-बाहेर गेलेल्या सगळ्या पायांनी नेलेलं लाकूड तिथे नव्हतं.

आता त्या जागी पत्र्याचं कुंपण आहे आणि आत खोल खड्डा. आम्ही बोरिवलीला भाड्याच्या घरात राहतो. आईला स्वतंत्र खोली आहे. पहिल्या पावसाळ्यात ती रात्री उठायची तेव्हा भिंतीला हात लावत, पाय घासत चालायची. अंगावर पाय पडेल अशी भीती इथे नाही, कारण मधे कुणी झोपलेलंच नाही. तरी तिचं पाऊल उचलून पडत नसे. मी तिच्या दारात अंथरूण टाकायला लागले. तेव्हापासून ती बरोबर दुसऱ्या पावलाला मला ओलांडून जाते, दिवा न लावता.

गेल्या आठवड्यात कपाट आवरताना तो ताव निघाला. वर्षभर गुंडाळून ठेवलेला, त्यामुळे सारखा मिटायला बघत होता. एका टोकावर बाबांची स्पेस ठेवली; त्या दिवशी माझ्या हातावर ठेवलेली ती त्यांनी कधीच परत घेतली नव्हती. दुसरं टोक मी हातानं धरलं. आईला सांगितलं नव्हतं काय आहे ते. तिला आता नीट दिसत नाही. ती वाकली, तोंड कागदाजवळ नेलं, मग बोटांनी चाचपत गेली, रेषांवरून, कोऱ्यावरून, परत रेषांवर. उजव्या टोकाशी तिचं बोट थांबलं. तिथे एक बारीक गोल काळा ठिपका होता. मी तो पेन्सिलचा डाग समजले होते.

"हा खिळा," ती म्हणाली. "तुझ्या आजीला दोनदा लागला होता. मी ह्यांना सांगत राहिले ठोका म्हणून. वर आला होता."